डोमाजींचं कुवेत

"आता फ्रान्स," असं म्हणून डोमाजी रामटेक्यांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला.

मी बदली होऊन नुकताच आलो होतो. तिरोडा तालुक्यात, बोदलकसाच्या पलीकडे जंगलात आमच्या पाटबंधारे खात्याचा एक लहानसा तलाव आहे आणि त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक जुनं विश्रामगृह. क्वार्टर रिकामं होईपर्यंत माझा मुक्काम तिथे होता. बायको-मुलं नागपूरला. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या, पंतप्रधान विमानाच्या जिन्यावर उभे राहून हात हलवत होते आणि विश्रामगृहाचा खानसामा मला फ्रान्स म्हणत होता. मला आधी वाटलं, चहाबरोबरच्या बिस्किटांचं नाव असेल.

"काय फ्रान्स?"

"पुढचा दौरा जी. आता फ्रान्सले जातीन. मंग जपान. अन् मंग कुवेत."

हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, जणू दिल्लीहून निघालेला कागद आधी त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो. खांद्यावर पांढरास्वच्छ नॅपकिन, चष्म्याच्या एका काडीला दोरा, अंगाने काटक. सांगून झाल्यावर ते थांबले नाहीत. कप उचलायला आले तेव्हा मात्र म्हणाले, "लिवून ठेवा पाहिजे तं." मी काही लिहून ठेवलं नाही. पंतप्रधान पुढे फ्रान्सला गेले की नाही हे मला आता आठवतही नाही. पण डोमाजींशी माझं बोलणं सुरू झालं ते या विषयावरून, आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही याच एका विषयावर बोलत राहिलो.

गावाच्या फाट्यावर एक चहाटपरी होती. डोमाजी सकाळी दूध आणायला तिकडे जात, तेव्हा बाकावरची मंडळी त्यांची वाटच बघत असायची. "का डोमाजी, आता कोटी धाडता सायबाले?" असं कुणीतरी विचारायचं. म्हणजे साहेबांना आता कुठे पाठवता? डोमाजी दुधाची कॅन खाली ठेवून शांतपणे देशाचं नाव सांगायचे. अंदाज खरा निघाला तर टपरीवाल्याने त्यांना फुकट चहा द्यायचा, चुकला तर डोमाजींनी सगळ्या बाकाला पाजायचा, असा तिथला कायदा होता. बाकाने डोमाजींचा चहा पुष्कळ प्याला. तरी कधीकधी असा काही नेम बसायचा की टपरीवाला हातातली गाळणी तशीच धरून बघत राहायचा.

हसू फुटायचं ते शेवटच्या नावाला. यादी कुठूनही सुरू होवो, "अन् मंग कुवेत" आल्याशिवाय ती संपत नसे. आणि कुवेत काही येत नव्हतं. आपल्याकडचा कुणी पंतप्रधान कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. लोक डोमाजींना 'कुवेतवाले' म्हणायचे, मागूनही आणि तोंडावरही. डोमाजींना राग येत नसे. "बाकी आहे ना? बाकी आहे तं जातीनच," एवढं म्हणून ते कॅन उचलायचे.

अंदाज बांधायची त्यांची रीत मात्र टीव्हीवरच्या विद्वानांची नव्हती, आमच्या विश्रामगृहाची होती. उभं आयुष्य त्यांनी दौऱ्यांची वाट बघण्यात घालवलं होतं. मंत्री येणार, सचिव येणार असा निरोप यायचा. डोमाजी कोंबडी आणायचे, तांदूळ निवडायचे, चादरी बदलायचे, आणि बरेचसे साहेब परस्पर गोंदियालाच जेवून निघून जायचे. शिजलेलं अन्न मग गावात वाटलं जायचं. इतक्या वेळा असं झाल्यावर खरा दौरा कुठला आणि नुसता कागदावरचा कुठला, हे त्यांना वासावरून कळायला लागलं होतं.

"मोटा मानूस एकदम येत नाई जी," ते मला समजावून सांगायचे. "त्याच्या आंधी चुना येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं चुना पडला का समजाचं, निम्मा दौरा पक्का. मंग डाक्टर येते, गाडी उभी करून पाहाते. अन् शेवटी एक लहान सायेब येते. तो कोनाशी बोलत नाई, शिद्दा बाथरूम पाहाते. त्यानं बाथरूम पाहालं का मंग मी कोंबडी आनतो. त्याच्या आंधी नाई."

साऱ्या जगाला त्यांनी हाच नियम लावला होता. टीव्हीवर परक्या देशाची राजधानी दिसली की ते बातमी ऐकत नसत, चुना शोधत. रस्ता धुतलाय का, कुंड्या नव्या ठेवल्यात का, आपला झेंडा त्यांच्या खांबाला लागलाय का. दिल्लीचे अधिकारी अमुक देशात बैठक करून आले, अशी दोन ओळींची बातमी पेपरात आतल्या पानावर आली की डोमाजी तो पेपर घेऊन थेट माझ्या ऑफिसात यायचे. "हे पाहा. बाथरूम पाहून आले." माझी हसून पुरेवाट व्हायची. "काऊन हासता?" ते खरोखरच्या नवलाने विचारायचे. देशात निवडणुका लागल्या की ते पंतप्रधानांना कुठेच पाठवत नसत. "आता घरचंच लगन आहे. पाहुनपनाले कोन जाईन?"

हिवाळ्यात तलावावर परदेशी बदकं उतरायची. डोमाजी पाळीवर उकिडवे बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. "हे बिना चुन्याचे पाहुने," ते एकदा म्हणाले. "ना निरोप, ना गाडी. आले. असे पाहुने पाहिजे मानसाले."

क्वार्टर मिळालं तरी मी जेवायला विश्रामगृहातच जात राहिलो. बहुतेक दिवस तिथे आम्ही दोघंच. समोर पाणी, पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचे एखाद-दोन डोंगे, आणि जंगलात कुठेतरी लाकूड तोडल्याचा आवाज. डोमाजींची बायको शेवंताबाई वारली होती. गावातल्या घरी ते निजण्यापुरते जायचे. माझ्यासाठी नुसता वरण-भात सांगितला तरी पातेलं काठोकाठ भरायचं. एकदा मी म्हटलं, "डोमाजी, दोन माणसांना एवढा भात?"

"मले थोड्या लोकाईचा सैपाक येतच नाई जी. हात दौऱ्याच्या मापानं पडते. घरी एकटा रांधतो तं गल्लीतले कुत्रे जेवते."

ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पण त्यानंतर मी भाताचं नाव काढलं नाही, आणि शनिवारी नागपूरच्या गाडीत बसलो की ते पातेलं डोळ्यांसमोर यायचं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एवढ्या मोठमोठ्या माणसांना जेवू घातलेल्या डोमाजींनी त्यांतल्या एकालाही जेवताना पाहिलं नव्हतं. मोठा माणूस आला की वाढायला ऑफिसातले शिपाई पुढे, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोलीस. "आचाऱ्याले कोन बाहेर सोडते जी?" ते म्हणायचे. "मी फक्त त्याईचे उष्टे ताटं पाहालो." पण उष्ट्या ताटावरून ते माणूस वाचायचे. "या सायबानं हड्डी चोखली अन् भात सोडला. साखर आहे त्याले." "या मॅडमनं पोळी मोडली, मोडली अन् खाल्लीच नाई. घरी काई झालं असन." आणि पुष्कळदा ते बरोबर असायचं.

त्यांची खरी कला मात्र लिंबू कापण्यात होती, आणि त्यामागे एक कारण होतं. मी येण्याच्या कितीतरी आधी एक पाहुणे आले, त्यांचा माणूस आधी स्वयंपाकघरात डोकावला. "खाना कौन बनाता है? पूरा नाम क्या?" डोमाजींनी आडनावासकट नाव सांगितलं. तो मान हलवून गेला आणि थोड्या वेळात साहेबांसाठी तिरोड्याहून डबा आला. डोमाजींनी रांधलेलं सगळं तसंच राहिलं. साहेबांच्या ताटात त्यांच्या हातचं फक्त मीठ आणि लिंबू होतं, आणि ताट परत आलं तेव्हा लिंबाची फोड पिळलेली होती. "लिंबू चाललं त्याईले," डोमाजी हसत सांगायचे. "कापलं तं म्याच होतं ना." मला ते ऐकून हसता आलं नाही, आजही येत नाही.

तेव्हापासून त्यांनी लिंबात जीव ओतला. मधोमध चिरायचं नाही. बियांचा मधला खांब तसाच ठेवून चारी बाजूंनी गाल उतरवायचे, आणि ताटाच्या कडेला ती पिवळी फोड पाठ वर करून ठेवायची. ताटात बी पडलेली मी कधी पाहिली नाही. ही कला त्यांनी एकाच माणसाला शिकवली होती, त्यांच्या मुलाला, मिलिंदला.

मिलिंदबद्दल ते मला पहिल्यांदा बोलले ते मासा साफ करताना. ढिवरांनी दिलेला मोठा रोहू पुढ्यात होता, मी पायरीवर बसलो होतो. सहज विचारलं, "डोमाजी, सगळं जग फिरून तुम्ही कुवेतलाच का येऊन थांबता?"

त्यांनी मान वर केली नाही. "पोरगा आहे तटी," ते म्हणाले. तिथे.

मिलिंद याच स्वयंपाकघरात वाढला. मोठा झाल्यावर नागपूरच्या एका हॉटेलात लागला आणि तिथून एजंटमार्फत कुवेतला गेला, मजुरांच्या कॅम्पमध्ये आचारी म्हणून. सुरुवातीला दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. मग शेवंताबाई आजारी पडली. मिलिंद येतो, येतो म्हणत राहिला आणि आला नाही. आईच्या मातीलाही आला नाही. त्यानंतर त्याचा फोन आला तेव्हा डोमाजी त्याला म्हणाले, "आता कायले येतेस? आता येऊ नोको." पोराने ते खरं धरलं. पुन्हा फोन आला नाही, आणि काही दिवसांनी त्याचा तो नंबरही लागेनासा झाला.

मी अभियंता माणूस, मला लगेच उपाय सुचले. दूतावासाला अर्ज करू, एजंटला गाठू, मोबाइलवर शोधू. डोमाजींनी मासा उलटा केला.

"नाई जी. पोलिसावानी कायले शोधाचं? तो हरवला नाई. रागावला आहे."

"मग?"

"मोटा मानूस गेला का आपले सारे लोक जमा होते ना तटी. मोट्या हालमधी, झेंडे घेऊन. टीव्हीवाला साऱ्याईच्या तोंडावरून कॅमेरा फिरवते. जपानात फिरवला, अमेरिकेत फिरवला, मी पाहालो. एक डाव कुवेतमधी फिरवू द्या. पोरगं वाळलं का मोटं झालं, तेवढं दिसलं का झालं. मंग त्याले याचं असन तं येईन, नाई तं नाई."

एवढं बोलून ते खवले काढायला लागले. फ्रान्स, जपान, अमेरिका हे सगळे त्यांच्या लेखी कुवेतच्या वाटेवरचे बसथांबे होते, आणि मी इतके दिवस त्यावर हसत होतो. टपरीवर मी हे कुणाला सांगितलं नाही. मात्र पुढे कुणी 'कुवेतवाले' म्हटलं की त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटायचं.

डोमाजी निवृत्त झाले. विश्रामगृहात बाहेरून डबे येऊ लागले. माझी बदली गोंदियाला झाली आणि नागपूरचं बिऱ्हाड मी तिकडे हलवलं. भेटी कमी झाल्या, पण फोनवर बोलणं चालू राहिलं, तेही तेच. "सायेब, आता ब्राझील." "आता ते कोन्तं तरी बेट आहे, तटी." रस्ता रुंद करताना फाट्यावरची टपरी उठली आणि बाक पांगला. त्यांचे अंदाज ऐकायला आता मी एकटाच उरलो होतो, त्यामुळे कितीही कामात असलो तरी त्यांचा फोन मी उचलायचो. बायको म्हणायची, "आज कुठे पाठवलं?" मी सांगायचो. ती पुढे विचारायची, "आणि मग कुवेत ना?" मी हो म्हणायचो.

एका हिवाळ्यात सकाळीच फोन आला. एरवी पहिला शब्द 'जय भीम' असायचा, त्या दिवशी तोही नाही.

"सायेब, डोमाजी बोलून राहिलो. चुना पडला."

"कुठे?"

"कुवेतले. पेपरात आहे, आतल्या पानावर. अधिकारी जाऊन आले. आता तारीख यीन पाहा."

तारीख खरंच आली. मी रजा टाकून मोटरसायकलने निघालो. धान कापून झालेलं होतं, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या, राइस मिलसमोर ट्रकांची रांग लागलेली होती. डोमाजींच्या दारी पोहोचलो आणि गाडीवरून उतरायचं विसरलो. फाटकापासून ओसरीपर्यंत, पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी, चुन्याची सरळ रेघ मारलेली होती. अंगण सारवलेलं, खाटेवर नवी चादर.

स्वयंपाक दौऱ्याच्या मापाने केलेला होता. शेजारच्या एक-दोन बाया डोकावून गेल्या, पोरं थोडा वेळ बसून खेळायला पळाली. टीव्हीपुढे आम्ही दोघंच राहिलो. पंतप्रधान मोठ्या हॉलमध्ये आले, लोक उभे राहिले, झेंडे हलायला लागले. डोमाजींनी खुर्ची इतकी पुढे ओढली की पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडत होता. कॅमेरा गर्दीवरून फिरायला लागला. शेकडो चेहरे, कपाळावर पट्ट्या, वर धरलेले मोबाइल. एकही चेहरा डोळ्यांत ठरेना.

"थांब ना बाप्पा, थांब," डोमाजी कॅमेऱ्याला म्हणाले.

तो थांबला नाही. गर्दी संपली, भाषण सुरू झालं, पुन्हा गर्दी आली, पुन्हा गेली. डोमाजी हातातला नॅपकिन पिळत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग मजुरांचा कॅम्प दाखवला. पंतप्रधान कामगारांबरोबर टेबलाशी बसले होते, समोर बशा मांडलेल्या होत्या. कॅमेरा क्षणभर बशांवरून सरकला आणि डोमाजींनी माझा हात घट्ट धरला.

"सायेब, लिंबू पाहा."

मला बशीच्या कडेला काहीतरी पिवळं दिसलं होतं. लिंबू असेल, मिठाईही असेल.

"गाल उतरवले आहेत. पाठ वर ठेवली. तो आत आहे जी."

"आत कुठे?"

"सैपाकघरात. आचाऱ्याले कोन बाहेर सोडते?" आणि ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी बी कसा बैताड. गर्दीत पाहून राहिलो. गर्दीत कसा असन तो?"

असं लिंबू कापणारे जगात पुष्कळ असतील, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं आणि म्हणालो, "हो डोमाजी. तसंच कापलंय." त्या दिवशी ते माझ्यासमोर बसून जेवले. इतक्या वर्षांत मी त्यांना जेवताना पहिल्यांदाच पाहत होतो. भातावर लिंबू पिळून, सावकाश, पोटभर जेवले.

निघताना मी गमतीने विचारलं, "आता पुढे कुठे?"

"आता कोटी का जाना," ते म्हणाले. "आपलं झालं."

त्यानंतर त्यांनी एकाही देशाचं नाव घेतलं नाही. मी फोन केला की जेवलो, निजलो, थंडी आहे, एवढंच. एकदा मीच डिवचून पाहिलं, "रशियाला जातील का हो?" तर म्हणाले, "जातीन का नाई तं." पोरगा दिसला, पण आला नाही, फोनही आला नाही. पूर्वी निदान वाट बघण्याचं काम होतं, सकाळी पेपर उघडायला कारण होतं. आता ते घर, ती खाट आणि पातेलंभर भात. कुवेत आलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं होतं.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत डोमाजी गेले. शेजारची बाई ताक द्यायला आली तेव्हा ते ओसरीत खाटेवर तसेच पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

गावातल्या पोरांनी मोबाइलवर इकडे-तिकडे विचारत मिलिंदला शोधून काढलं. मातीला तो पोहोचू शकला नाही, पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीच्या दिवशी आला. मी गेलो तेव्हा वंदना संपून लोक जेवायला बसत होते. मागच्या अंगणात पांढऱ्या शर्टच्या बाह्या दुमडून एक वाळलेला माणूस लिंबं कापत बसला होता. चारी बाजूंनी गाल, मधला खांब वेगळा. तो मिलिंद आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी त्याच्याजवळ बसलो, माझी ओळख सांगितली आणि मग सगळंच सांगितलं. टपरी, 'अन् मंग कुवेत', अंगणातला चुना, टीव्हीवरची बशी. तो सुरी खाली न ठेवता ऐकत होता.

"मी तटी नव्हतो जी," तो म्हणाला.

"गर्दीत नव्हतास, माहीत आहे. ते म्हणालेच, तू आत किचनमध्ये..."

"नाई जी. कुवेतलेच नव्हतो. कुवेत सोडून लय सालं झाले. मी मस्कतले आहो, ओमानमधी."

पंतप्रधान पुढे कोणत्या देशात जाणार हे डोमाजी सांगायचे. आपला मुलगा कोणत्या देशात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. एवढी वर्षं ते ज्या दाराकडे डोळे लावून बसले होते त्या दारामागे कुणीच नव्हतं.

"आई गेली तवा पासपोर्ट मालकाजवळ होता," मिलिंद खाली बघत बोलत होता. "त्यानं देल्ला नाई. बाबाले सांगतलं असतं तं त्याईच्या जिवाले घोर लागला असता. म्हनून म्हनलो, सुट्टी भेटत नाई. तं ते म्हनले, येऊ नोको. मंग मी तटून कसातरी निंगालो, ओमानले आलो. तटून फोन लावाचा अन् घंटी वाजाच्या आंधी कापाचा. असं लय डाव झालं."

"त्यांनी नंबर बदलला नव्हता."

"मालूम आहे जी."

बाहेर पंगतीत कुणीतरी लिंबू मागितलं. त्याने ताटली भरून पोराच्या हाती दिली आणि पुन्हा बसला.

"बाबाले खरंच वाटलं का, ते लिंबू माह्या हातचं आहे म्हनून?"

"खरंच वाटलं. त्या दिवशी पोटभर जेवले."

"मंग राहू द्या तसंच," तो म्हणाला. त्याने पुढचं लिंबू उचललं. बराच वेळ ते त्याच्या हातात तसंच राहिलं.

तो ओमानला परत गेला. जाताना घराची किल्ली शेजारी आणि फोन नंबर माझ्याकडे देऊन गेला. अंगणातल्या चुन्याच्या रेघा एव्हाना पावसाने धुऊन गेल्या असतील, मी परत बघायला गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात गोंदियाच्या घरी पेपर वाचत होतो. आतल्या पानावर दोन ओळी होत्या, दिल्लीचे अधिकारी मस्कतला बैठक करून आले. "चुना पडला," मी मोठ्याने म्हणालो. बायकोने विचारलं, "कुठे?" मी पेपर तिच्यापुढे सरकवला. तारीख जाहीर झाली तेव्हा मिलिंदला फोन लावला.

"सभेला जाशील का रे?"

"कोटी जातो जी. डूटी आहे. त्या दिवशी तं डबल लोकाईचा सैपाक. आचाऱ्याले कोन बाहेर सोडते?"

तो तिथे नसणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तरी त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो, टीव्ही लावला आणि खुर्ची पुढे ओढली. हॉल भरलेला होता. लोक उभे राहिले, झेंडे हलायला लागले. "एवढ्या जवळून काय बघता?" बायको मागून म्हणाली. कॅमेरा गर्दीवरून फिरायला लागला, एकेक चेहरा येऊन निसटून जायला लागला, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब ना बाप्पा, थांब."